रायवळ जॉनी

"अगो, हा तर आपला गाडगेबाबा!" आई घडीच्या खुर्चीतून अर्धी उठत म्हणाली.

मैदानाच्या पलीकडून तो चालत येत होता. पाय अनवाणी, विजार गुडघ्याशी फाटलेली, अंगात कॉफीच्या पोत्याला भोकं पाडून केलेला सदरा आणि डोक्यावर पालथं घातलेलं पत्र्याचं पातेलं. पातेल्याची मूठ मानेमागे शेपटीसारखी आलेली. मागे पंधरा-वीस पोरांची रांग, तिच्यात माझाही मुलगा. हातात खराटा तेवढा नव्हता, आणि कानात कवडी नव्हती. बाकी आईचं काही चुकलं नव्हतं.

ओहायोतल्या मोहिकन नदीच्या खोऱ्यातलं हे गाव. एक मुख्य रस्ता, एक कोर्ट, दोन चर्चं आणि जुन्या घरात थाटलेलं छोटं संग्रहालय. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी हे संग्रहालय सफरचंदाच्या बिया पेरत फिरलेल्या, लोककथेत जाऊन बसलेल्या जॉनी ॲपलसीडचा वाढदिवस साजरा करतं. मैदानातला तो पातेलंवाला त्याच्याच वेशात होता. अंगणात तंबू पडतात, ॲपल पाय आणि तळलेल्या डोनटांचा वास सुटतो, गावातले निवृत्त लोक बॅंजो वाजवतात. कोलंबसहून आम्हाला गाडीने तासाभराच्या वर लागतो. इतकी वर्षं मी या रस्त्याने फक्त पुढे जात होते. त्या वर्षी थांबले, कारण मला कामाला लावलं होतं.

झालं असं की आमच्या वाचनालयातल्या एका बाईंना मी कधीतरी सांगितलं होतं की माझे वडील राजापूरकडे आंब्याची कलमं बांधायचे. त्या या संग्रहालयात सेवेला जातात. त्यांचा फोन आला: "मुलांना कलम कसं बांधतात ते दाखवाल का? पंधरा मिनिटं, एक टेबल, एक चाकू." मी हो म्हटलं. आई सहा महिन्यांसाठी आलेलीच होती आणि कंटाळली होती. चाकूचं नाव ऐकताच तिचा चेहरा खुलला.

मग आदल्या रात्री मी या जॉनीबद्दल वाचायला बसले आणि कपाळाला हात लावला. कारण जॉनी ॲपलसीड हा माणूस कलम बांधणं पाप समजत असे. झाडाला कापून दुसऱ्या झाडाची काडी त्यात खुपसणं ही माणसाची लबाडी, चांगलं बी निवडावं, चांगल्या जमिनीत टाकावं, सफरचंद सुधारणं हे देवाचं काम, अशी त्याची शिकवण म्हणून सांगतात. आणि त्याच्याच वाढदिवसाला, त्याच्याच अंगणात, मी कोकणातून येऊन तेच पाप पोरांना शिकवणार होते. शाकाहारी साधूच्या पुण्यतिथीला मटणाचा बेत ठेवावा, तसं.

त्याचं खरं नाव जॉन चॅपमन. जन्म 26 सप्टेंबर 1774, मॅसॅच्युसेट्समधल्या लेमिन्स्टर गावी. बाप अमेरिकन क्रांतियुद्धात लढला, आई तो दोन वर्षांचा व्हायच्या आत गेली. 'ॲपलसीड' म्हणजे सफरचंदाचं बी, हे लोकांनी चिकटवलेलं नाव. डेबूजी झिंगराजी जानोरकरांना जसं गाडगं चिकटलं. दोघांचीही आडनावं आज परीक्षेपुरती उरलीत.

मरणाची तारीख मात्र धड नाही. मार्च 1845 हे नक्की, पण कोणी 11 म्हणतं, कोणी 18. इंडियानातल्या फोर्ट वेनमध्ये तो गेला, तिथे त्याची कबर नेमकी कुठे यावरही वाद आहे. त्याचा दिवस काही जण मार्चात पाळतात, कारण तेव्हा झाडं लावायचा हंगाम, आणि काही सप्टेंबरात, कारण तेव्हा फळं उतरतात. शिवजयंतीचा तारीख-तिथीचा घोळ बघत वाढलेल्या माणसाला यात नवं काहीच वाटत नाही.

गोष्टीतला जॉनी खिशातून बिया काढून वाऱ्यावर उधळत जातो आणि त्याच्या मागे बागा उगवतात. खरा चॅपमन असलं काही करत नव्हता. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या सफरचंदं पिळायच्या घाण्यांवर जाऊन तो चोथा मागून घ्यायचा. चोथ्याला कोण पैसे लावणार? तो धुवून बिया वेगळ्या करायच्या, पोत्यात भरायच्या आणि वसाहतवाले जिकडे सरकतील असा अंदाज असेल तिकडे त्यांच्या आधी जाऊन पोचायचं. ओढ्याकाठची जागा साफ करायची, बिया पेरायच्या, भोवती फांद्यांचं, काट्याकुट्यांचं कुंपण घालायचं आणि पुढच्या जागी निघायचं. एक-दोन वर्षांनी मागून माणसं येत, तेव्हा रोपं तयार असत. एका रोपाला सहा-सात सेंट. पैसे नसले तर जुना कपडा, मक्याचं पीठ किंवा नुसता कागदावरचा वायदा. म्हणजे ही चक्क रोपवाटिकांची साखळी होती, आणि मालक अनवाणी फिरत होता.

रोपांना गिऱ्हाईक का, तर त्यात कायद्याचं कलम होतं. (मराठीत कायद्यालाही कलम, झाडालाही कलम आणि लेखणीलाही कलम. माझ्या मुलाला हे समजावताना माझी दमछाक झाली.) त्या काळी ओहायो कंपनीच्या ताब्यातल्या एका पट्ट्यात शंभर एकर जमीन मिळायची, पण अट अशी की सफरचंदाची किंवा नासपतीची पन्नास आणि पीचची वीस झाडं लावली पाहिजेत. बियांपासून लावलेलं सफरचंद फळायला आठ-दहा वर्षं घेतं. ते लावणारा माणूस चार दिवसांत पळून जाणारा नाही, असा कंपनीचा हिशेब. झाड हाच सातबारा.

आता मुद्द्याची गोष्ट. सफरचंदाची बी लावली तर तेच सफरचंद येत नाही. गोड, रसाळ फळाच्या पाच बिया लावल्या तर पाच वेगळी झाडं उगवतील आणि बहुतेक पाचही आंबट, तुरट, सुपारीएवढी फळं देतील. कोकणातल्या माणसाला हे समजायला शास्त्रज्ञ लागत नाही. हापूसची कोय पुरली तर हापूस येत नाही, रायवळ येतो. म्हणूनच आमच्याकडे भाषाही तशी आहे. "परसात दोन झाडं आहेत" म्हटलं की ती रायवळ. "वर सड्यावर साठ कलमं आहेत" म्हटलं की ती हापूसची. तीस फूट वाढलेला, शंभरीला टेकलेला हापूससुद्धा झाड नसतो, कलमच असतो. त्याच्या जन्माची खूण त्याच्या नावातून जात नाही.

मी चॅपमनची सगळी कामगिरी एका शब्दात मांडली असती, पण तो शब्द इंग्रजीत नाही: त्याने ओहायोभर रायवळ लावलं.

आंबट सफरचंदं खायची नव्हतीच मुळी. ती पिळून, आंबवून साइडर करायची. शेतावर प्रत्येकाकडे पिंप असे, पोरंसोरंही पाणी घालून पीत. कडक थंडीत पिंप बाहेर ठेवलं की पाण्याचा बर्फ होतो आणि आत उरलेलं जहाल पेय ॲपलजॅक म्हणून घशाखाली जातं. आपल्याकडे काजूच्या बोंडांचं जे होतं, तेच. हे शाळेच्या पुस्तकात येत नाही. तिथे जॉनी पोरांना लालबुंद फळं वाटतो.

सकाळी मी सर्वांत जास्त वेळ घाण्यापाशी काढला. लाकडी पट्ट्यांचं पिंप, वर लोखंडी मळसूत्र, बाजूला हाताने फिरवायचं दात्यांचं चाक. पोरं सफरचंदं वरून टाकत, चाक फिरवणारा घामाघूम होई, आणि खाली चरीतून तपकिरी रस आधी थेंबाथेंबाने, मग एकदम धारेने येई. रंग थेट उसाच्या रसासारखा नाही, चहा थंड झाला की होतो तसा. गांधीलमाश्या इतक्या की पेला तोंडाला लावण्याआधी प्रत्येक जण आत डोकावून बघत होता. हा रस न आंबवलेला, पण अमेरिकेत त्यालाही साइडरच म्हणतात. शेवटी पिंप उघडलं तेव्हा आत दाबून घट्ट झालेली चोथ्याची वडी निघाली. ओल्या भुश्शासारखी, कडेने काळी पडत चाललेली, आणि तिच्यात चमकणाऱ्या तपकिरी बिया. मी नखाने दहा-बारा बिया उकरल्या आणि कागदी पेल्यात टाकल्या. घाणेवाल्या काकांनी विचारलं नाही. चोथ्याला अजूनही कोणी पैसे लावत नाही.

संग्रहालयाच्या आत दोन खोल्या. एका काचेत त्याचा म्हणून सांगितला जाणारा कुऱ्हाडीचा दांडा, एका काचेत स्वीडनबोर्गचं जुनं पुस्तक. स्वीडनबोर्ग हा अठराव्या शतकातला स्वीडिश शास्त्रज्ञ, उतारवयात त्याला देवदूत दिसू लागले. चॅपमन त्याच्या पंथाचा. तो या ग्रंथांचे भाग फाडून वेगळे करायचा, एका झोपडीत एक भाग ठेवायचा, पुढच्या फेरीत तो उचलून दुसरा द्यायचा. एका प्रतीत तीन-चार घरांचं वाचन. मधल्या पानांपासून वाचायला लागलेल्या माणसाला काय कळत असेल देव जाणे, पण ही युक्ती मला फार आवडली. बाकी दंतकथा भरपूर: डास जळू नयेत म्हणून त्याने शेकोटी विझवली वगैरे. एक मात्र दंतकथा नाही. ताप उतरवायला औषधी म्हणून त्याने डॉग फेनेल नावाची उग्र वासाची वनस्पती जागोजागी पेरली, ती तणासारखी माजली आणि शेतकरी त्याला शिव्या देत बसले. पुतळ्याखाली हे कोणी कोरत नाही.

शौचालयाकडे जाणाऱ्या बोळात आणखी एक फलक होता. नवा वाटला, अक्षरं लहान. त्यावर ग्रीनटाऊनची हकीकत. लेनापे या इथल्या मूळ रहिवाशांचं हे गाव इथून जवळच होतं. 1812 साली इंग्लंडशी युद्ध पेटलं, डेट्रॉइट पडलं, वसाहतवाल्यांची घाबरगुंडी उडाली. सैनिकांनी लेनापेंना गाव सोडायला लावलं आणि मागे घरं जाळून टाकली. मग सूड, मग सूडाचा सूड. याच धामधुमीत चॅपमन मॅन्सफील्डहून माउंट व्हर्ननपर्यंत पंचवीसेक मैल रात्रीतून धावला आणि घराघरांना सावध करत गेला, ही त्याची सर्वांत गाजलेली कामगिरी. संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर या धावण्याचं रंगीत चित्र आहे, आठ फुटी. जळालेलं गाव बोळात. 1843 साली वायनडॉट या दुसऱ्या मूळ जमातीलाही ओहायो सोडायला लावलं, ते इथून गेलेले शेवटचे. त्यानंतर दोन वर्षांत चॅपमन वारला.

मी तिथे उभी असताना एक बाई मुलीला घेऊन बोळातून गेल्या. मुलगी फलकाशी थांबली, बाई म्हणाल्या, "चल, रांग वाढतेय." मी त्यांना नावं ठेवत नाही. मीही तिथे रांगेमुळेच पोचले होते. पण ज्याने कोणी तो फलक लिहून लावला, त्याला आधी समितीशी किती बैठका कराव्या लागल्या असतील, हे मला सोसायटीच्या सभांमुळे ठाऊक आहे. बोळ तर बोळ, जागा मिळाली.

झाडांच्या अटीचं कलम मला त्या फलकाशी नीट समजलं. ओढ्याकाठी आधीच पेरून ठेवलेल्या त्या गोड गोष्टीतल्या बिया म्हणजे मोजणीच्या आधी ठोकलेल्या खुंट्याही होत्या. माणूस भला होता, लेनापे लोकांशी त्याचं जमायचं असं सगळेच सांगतात, आणि तरीही त्याच्या रोपाभोवतीचं कुंपण हे त्या जमिनीवरचं पहिलं कुंपण होतं.

दुपारी दोनला आमचं टेबल लागलं. सप्टेंबर हा सफरचंदाच्या कलमांचा हंगाम नाही, ते काम इथे थंडी सरताना करतात. त्यामुळे आमचं सगळं लुटुपुटूचं. बागेतून छाटून आणलेल्या दोन जातींच्या काड्या होत्या, खुंट म्हणून एक अंगठ्याएवढी जाड फांदी. मी इंग्रजीत प्रस्तावना सुरू केली. खुंट, काडी, पाचर. दोन मिनिटांत पोरं चुळबुळ करू लागली. तेवढ्यात आईने माझ्या हातातून चाकू घेतला.

तिने खुंटाचा माथा एका झटक्यात सपाट कापला. मधोमध उभी चीर. मग काडी डाव्या हाताच्या तर्जनीवर आडवी धरून दोन्हीकडून अशी तासली की टोकाला कागदाएवढी पातळ पाचर झाली. हात तिच्या वयाचे नव्हते. मला पावसाळ्यातली आमची पडवी आठवली. वाळूच्या वाफ्यातून उपटलेली, पंधरा दिवसांची, तांबूस पानांची कोयीची रोपं, ओल्या गोणपाटावर ओळीने ठेवलेली. आप्पा कापायचे, आई बांधायची. त्यांचं एकच वाक्य दिवसभर चालायचं: "सालीला साल लागू दे." मधला गाभा कितीही नीट बसला तरी उपयोग नाही. जीव सालीखाली असतो, तिथे दोघांची गाठ पडली पाहिजे. आईने पाचर चिरेत बसवली, मधोमध नव्हे तर एका कडेला सरकवून, आणि पावाच्या पिशवीची कापलेली पट्टी खालून वर गुंडाळत नेली. पोरं गप्प होती.

आणि तेवढ्यात पातेलंवाला जॉनी आला. गृहस्थ भूमिकेत पक्के मुरलेले. कमरेवर हात ठेवून गरजले, "बाई, थांबा! झाडाला जखम करताय! देवाने दिलेलं बी सोडून हा चाकू कशाला?"

पोरं खिदळली. आईने मला विचारलं, "काय म्हणतोय?"

मी सांगितलं.

तिने पट्टीची शेवटची गाठ दाताने ओढली. "मग तू आयुष्यभर रायवळच खा, म्हणावं."

पुढची पाच मिनिटं मी घामाघूम. रायवळ म्हणजे काय हे सांगायला मला आंबा सांगावा लागला, कोय सांगावी लागली, धागे असलेला, चोखून खायचा, प्रत्येक झाडाची चव निराळी आणि म्हणून प्रत्येक झाडाला माणसासारखं नाव असलेला आंबा सांगावा लागला. आमच्या परसातल्या दोघांची नावं शेंदऱ्या आणि खोबऱ्या. शेंदऱ्याचा रंग बघून जीव टाकावा आणि चावल्यावर तोंड वेंगाडावं. जॉनीने पातेलं काढून काखेत घेतलं, डोक्यावरचा घाम पुसला आणि भूमिका सोडून म्हणाला, "खरं सांगू, मला हनीक्रिस्पच आवडतं."

हनीक्रिस्प ही मिनेसोटा विद्यापीठाने 1991 साली बाजारात आणलेली जात. जगातलं तिचं प्रत्येक झाड कलमी. त्या दिवशी पायमधलं, कॅरॅमलमध्ये बुडवून काडीला टोचलेलं, मुलांच्या हातातलं एकूण एक सफरचंद कलमीच होतं. जॉनीच्या वाढदिवसाला जॉनीच्या बियांचं फळ कुणी तोंडात धरलं नसतं.

परतताना गाडीत आई झोपली आणि माझ्या डोक्यात तोच चाकू फिरत राहिला. कारण जॉनी स्वतः कलमीच आहे. खाली खुंट जॉन चॅपमनचा. मातीत घट्ट, जमिनीचे व्यवहार करणारा, मेला तेव्हा नावावर हजार-बाराशे एकर असलेला, विक्षिप्त, आंबट. त्यावर काड्या वरून बसल्या. 1817 साली मँचेस्टरच्या स्वीडनबोर्गपंथीयांनी आपल्या अहवालात या अजब प्रचारकाचं वर्णन छापलं, नाव न घेता. तो गेल्यावर 26 वर्षांनी, 1871 मध्ये, हार्पर्स मासिकात त्याच्यावर मोठा लेख आला, आणि यादवी युद्धाने थकलेल्या देशाला बंदूक न उचलणारा एक वीर मिळाला. 1948 साली डिस्नेने त्याला कार्टून केलं, 1966 साली पाच सेंटच्या तिकिटावर तो आला. दारू छाटली गेली, सातबारा छाटला गेला, तण छाटलं गेलं. उरला गोड, एकसारखा, कुठेही लावा तसाच येणारा जॉनी.

यात मी तक्रार करतेय असं नाही. कलमं बांधणाऱ्याची मुलगी आहे मी, आमचं घर हापूसवर चाललं. शेंदऱ्याने कुणाची फी भरली नाही. पण लोणच्याला, पन्ह्याला आणि सासवाला रायवळच लागतो, आणि वाऱ्यापावसात हापूस झडून जातो तेव्हा परसात उभा राहतो तोही तोच. मला तो ग्रंथ फाडून वाटणारा, डॉग फेनेल पेरून शिव्या खाणारा, अनवाणी सावकार जास्त आवडला. पातेलंवाला मुलांना आवडू दे.

आई नोव्हेंबरात परत गेली. कागदी पेल्यातल्या बिया मी ओल्या पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, दह्याच्या डब्यामागे. सफरचंदाच्या बीला रुजायच्या आधी दोन-तीन महिने थंडी लागते, ती मिळाल्याशिवाय ती डोळा उघडत नाही. नवऱ्याने दोनदा तो नॅपकिन कचरा समजून टाकायला काढला. फेब्रुवारीत उघडून बघितलं तर चार बियांना पांढरं मोड आलं होतं, बाकीच्यांना बुरशी.

चारही कुंड्यांत लावल्या. व्हिडिओ कॉलवर आईने पानं पाहिली, म्हणाली, "नावं काय ठेवलीस?" मुलाने आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहिली होतीच, ती वाचून दाखवली. एकाचं नाव 'म्हणावं' होतं. त्याला वाटलं होतं, आजी त्या दिवशी जॉनीला त्या नावाने हाक मारत होती.

मे महिन्यात वीतभर झालेली रोपं मागच्या अंगणात लावली. तिसऱ्या रात्री हरणं आली. सकाळी बघते तर तीन जागी नुसत्या आइस्क्रीमच्या काड्या. 'म्हणावं' तेवढं गॅस ग्रिलच्या आडोशाने वाचलं होतं, शेंडा खाल्लेला, दोन पानं शिल्लक. चॅपमन आधी कुंपण घालायचा, हे मी इतकं वाचून विसरले होते. त्या दुपारी दुकानात जाऊन तारेची जाळी आणली.